माहितीये, ओळखतो, येतं : इंग्रजी ‘नो’ जर्मनमध्ये नेताना

आजचा एपिसोड एका क्रियापदाबद्दल आहे. एकाच. इंग्रजीतलं ‘नो’. नकारातलं ‘नो’ नाही बरं का. के-एन-ओ-डब्ल्यू, ज्यातला के लिहायचा पण बोलायचा नाही, ते. आय नो, यू नो, डू यू नो.

जर्मन शिकणाऱ्या मुलामुलींचा एक प्रश्न हमखास येतो: ‘नो’साठी ‘विसेन’ कधी वापरायचं आणि ‘केनेन’ कधी? हा प्रश्न खानदेशात दहा वर्षांपूर्वी कोणी विचारला नसता. आता विचारतात, कारण २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याबरोबर कुशल मनुष्यबळाचा करार केला. स्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे ते राज्य. पहिल्या टप्प्यात १०,००० जणांना पाठवायचं असं ठरलं, आणि यादीत नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, स्वयंपाकी असे सगळे. म्हणजे जर्मन आता पुण्यातल्या मॅक्सम्युलर भवनात जाणाऱ्यांपुरती राहिली नाही. जळगाव, धरणगाव, पारोळ्याचा मुलगा फोनवर ॲप लावून शिकतोय.

आणि तो शिकतोय इंग्रजीतून. ॲप इंग्रजीत, यूट्यूबवरचा मास्तर इंग्रजीत, पीडीएफ इंग्रजीत. इथेच गडबड आहे, आणि ‘नो’ हे त्या गडबडीचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकतो, मग फोड करतो: हा प्रश्न मराठी माणसाला पडायलाच नको. त्याच्या तोंडात उत्तर आधीपासून आहे. इंग्रजीतून गेल्यामुळे ते हरवतं.

भरितापासून सुरुवात करू. आपल्याकडचं भरीत, पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजून केलेलं. आता तीन वाक्यं बघा.

एक: मला भरीत माहितीये. म्हणजे मी खाल्लंय, काय प्रकार आहे ते ठाऊक आहे.
दोन: भरीत कसं करतात ते मला माहितीये. म्हणजे आईला करताना बघितलंय, पायऱ्या सांगू शकतो.
तीन: मला भरीत करता येतं. म्हणजे वांगी आणा, करून दाखवतो.

हॉस्टेलवर राहिलेल्या कोणालाही विचारा, दोन आणि तीनमध्ये किती अंतर आहे ते.

इंग्रजीत तिन्हीकडे ‘नो’ चालतं. आय नो भरीत. आय नो हाऊ भरीत इज मेड. आय नो हाऊ टू मेक भरीत. जर्मन माणूस मात्र तीन वेगळी क्रियापदं काढतो. पहिल्याला ‘इश केने भरीत’. दुसऱ्याला ‘इश वाइस, वी मान भरीत माख्ट’. तिसऱ्याला ‘इश कान भरीत माखेन’. केनेन, विसेन, क्योनेन. (‘वाइस’ हे विसेनचंच रूप आहे: इश वाइस, दू वाइस्ट, एर वाइस. आणि ‘कान’ हे क्योनेनचं.)

मी कोड लिहिणारा माणूस आहे, म्हणून मला हे असं दिसतं. तुमच्याकडे तीन वेगळ्या किमती आहेत. तुम्ही त्या एकाच रकान्यात कोंबल्या आणि पुढच्या सिस्टीमला पाठवल्या. पुढच्या सिस्टीमला त्या परत तीन रकान्यांत टाकायच्या आहेत. कशाच्या जोरावर टाकणार? माहिती तर मधेच उडाली. फोटो व्हॉट्सॲपवरून दहा वेळा फॉरवर्ड झाला की जसा होतो, तसं.

मराठीतून थेट जर्मनला जाणं आणि इंग्रजीवरून जाणं यातला फरक आमच्या भाषेत सांगायचा तर, धरणगावहून अमळनेरला जायचंय आणि तुम्ही आधी जळगावची गाडी पकडताय. पोचाल, पण उलट्या दिशेला जाऊन. आणि सामानातलं काहीतरी तिकडे विसरून.

मशीनसुद्धा असंच करायचं. २०१६ च्या सुमाराला गूगलने न्यूरल पद्धत आणली, त्याआधी ज्या दोन भाषांमध्ये थेट जोडलेला मजकूर कमी होता तिथे इंग्रजी हा मधला थांबा असायचा. ‘मला ते येतं’ याचं इंग्रजी ‘आय नो इट’ झालं, की पुढे जर्मनमध्ये ‘इश वाइस एस’ होणारच. मशीनची त्यात काय चूक. तिला ‘येतं’ कधी दिसलंच नाही. तसंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’. जर्मनमध्ये ‘दू’ आणि ‘झी’ आहे, आपल्याकडे तू आणि तुम्ही आहे, दोन्हीकडे फरक पाळला नाही तर माणसं नाराज होतात. आणि मधे इंग्रजीचा ‘यू’ बसलाय, सगळ्यांना एकाच मापात मोजणारा. पण तो वेगळा एपिसोड होईल.

ॲप बनवणाऱ्यांना ही अडचण रोजची आहे. सॉफ्टवेअरचं भाषांतर करताना इंग्रजी शब्दांची फाइल भाषांतरकाराकडे जाते, आणि तो बिचारा विचारतो, हे कुठलं ‘ओपन’? दुकान उघडं आहे ते, की फाइल उघड ते? म्हणून गेटटेक्स्टसारख्या साधनात एकाच इंग्रजी शब्दाला संदर्भाची चिठ्ठी जोडायची सोय करावी लागली. तुमच्या फोनची भाषा दोन मिनिटं जर्मन करून बघा. फेसबुकवर ‘पीपल यू मे नो’च्या जागी ‘पेर्झोनेन, दी दू केनेन क्योन्टेस्ट’ दिसेल. ‘नो’ इथे केनेन झालंय, कारण माणसांची ओळख आहे. आणि शेजारीच क्योनेनचं एक रूप बसलंय, ‘असू शकेल’ या अर्थाने. (भाषा परत मराठी कशी करायची ते आधी लक्षात ठेवा, नाहीतर सेटिंग सापडत नाही.)

आता कामाचं. तीन पेट्या कशा ओळखायच्या.

सगळ्यात सोपी पेटी ‘येतं’ची. मराठीत ‘येतं’ म्हणालात की डोळे झाकून क्योनेन. मला पोहता येतं: इश कान श्विमेन. तिला गाडी चालवता येते: झी कान आउटो फारेन. आणि इथे एक सुंदर गोष्ट आहे. आपण नुसतं ‘मला जर्मन येतं’ म्हणतो, ‘बोलता’ हा शब्द न घालता. जर्मनही तेच करतात: इश कान डॉइच. पुढे दुसरं क्रियापद नाही. इंग्रजीत ‘आय कॅन जर्मन’ म्हणून बघा, मास्तर कान धरेल. म्हणून इंग्रजीतून शिकलेली मुलं ‘आय नो जर्मन’वरून ‘इश वाइस डॉइच’ लिहितात आणि लाल रेघ खातात. अहिराणीत ‘माले अहिराणी येस’ म्हणणाऱ्याला हे वाक्य आयतं मिळतं, त्याला कोणी सांगितलेलं नसतं एवढंच.

पाठ असणंसुद्धा याच पेटीतलं. कविता पाठ येते: इश कान डास गेडिश्ट आउसवेन्डिश. आपल्याकडेही ‘पाठ येते’ म्हणतातच की.

मग ‘माहीत’ आणि ‘ओळख’. इथे थोडं थांबायला लागेल, कारण इथे मराठी आणि जर्मन नव्वद टक्के जुळतात आणि दहा टक्क्यांत पाय घसरतो.

जिथे जुळतात ते आधी. माणूस असेल तर केनेन. मी त्याला ओळखतो: इश केने ईन. इथे विसेन चालतच नाही, जसं मराठीत ‘मी त्याला माहीत आहे’चा अर्थ उलटाच होतो. आणि ‘की, कधी, कुठे, का, कसं, कोण’ असलं शेपूट लागलेलं असेल तर विसेन. गाडी कधी येणार ते मला माहीत नाही: इश वाइस निश्ट, वान देअर त्सूग कोम्ट. तो आजारी आहे हे मला माहितीये: इश वाइस, डास एर क्रांक इस्ट. इथे केनेन कधीच नाही. जसं मराठीत ‘गाडी कधी येणार ते मी ओळखतो’ म्हटलं तर लोक म्हणतील, ज्योतिषी झालास का भो?

आता घसरण. गाणं, पिक्चर, गाव, हॉटेल, शब्द, पुस्तक. आपण म्हणतो ‘ते गाणं मला माहितीये’, ‘पुणं मला चांगलं माहितीये’. जीभ विसेनकडे जाते. पण जर्मनमध्ये हे सगळं केनेन: इश केने डास लीड, इश केने पुने गूट. केनेनची हद्द आपल्या ओळखण्यापेक्षा मोठी आहे. आपलं ओळखणं मुख्यतः माणसांपुरतं. त्यांचं केनेन वस्तूंपर्यंत, गावांपर्यंत, रोगांपर्यंत, नियमांपर्यंत जातं.

बालकवी घ्या. त्र्यंबक बापूजी ठोमरे, १८९० साली आमच्या धरणगावात जन्मले, १९१८ साली गेले. ‘तू बालकवींना ओळखतोस का?’ असा प्रश्न मराठीत कोणी विचारत नाही, शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला कोण ओळखणार. आपण म्हणतो ‘बालकवी माहितीयेत का?’ जर्मन मात्र सरळ ‘केन्स्ट दू बालकवी?’ विचारेल. आणि खरंच भेटलायस का असं विचारायचं असेल तर ‘पेर्झ्योनलिश’ हा शब्द जोडेल, म्हणजे प्रत्यक्ष. तेव्हा धरणगावच्या मुलाची तीन उत्तरं अशी होतील: बालकवी माहितीयेत (केनेन), ते कुठले ते माहितीये (विसेन), त्यांची एक कविता पाठ येते (क्योनेन).

यावर मला सापडलेली युक्ती अशी. मराठी वाक्यात ‘माहीत’च्या जागी ‘ओळखीचं’ टाकून बघा. ‘ते गाणं माझ्या ओळखीचं आहे’ चालतं? चालतं. केनेन. ‘हा शब्द ओळखीचा आहे’ चालतं. केनेन. ‘पुणं ओळखीचं आहे’ चालतं. केनेन. ‘गाडी कधी येणार ते ओळखीचं आहे’ नाही चालत. विसेन. ‘बालकवींचं नाव ओळखीचं आहे’ चालतं. झालं. इंग्रजी पुस्तकात यासाठी ‘ॲक्वेन्टन्स’ आणि ‘फॅक्च्युअल नॉलेज’ असले दोन पानांचे नियम असतात. तुम्हाला ‘ओळखीचं’ हा एक शब्द पुरतो.

अपवाद आहेत, लपवत नाही. ‘हे’, ‘ते’, ‘काही’, ‘सगळं’ असं मोघम काही असेल तर बहुतेक वेळा विसेन: डास वाइस इश, ते मला माहितीये. उत्तर, रस्ता, पत्ता, नाव अशा थोड्या नामांना दोन्ही चालतात. रस्त्याला ‘इश वाइस डेन वेग’ आणि ‘इश केने डेन वेग’ दोन्ही म्हणतात. त्यात फार डोकं घालू नका. परीक्षेत वाक्यं रोजच्या वापरातली असतात.

आता ‘नो’ या एका शब्दाखाली इंग्रजीने अजून काय काय दडवलंय ते बघू. मला सगळ्यात आवडतो तो ‘कळणे’.

‘आय डिडन्ट नो अंटिल यस्टरडे.’ मराठीत आपण ‘मला काल कळलं’ म्हणतो. माहीत असणं ही स्थिती, कळणं ही घटना. जर्मनमध्ये या घटनेला वेगळं क्रियापद आहे, एरफारेन: इश हाबे एस गेस्टर्न एरफारेन. मग ‘लेट मी नो’. हे वाक्य ऑफिसच्या ईमेलमध्ये दिवसातून पन्नास वेळा येतं. त्याचं मराठी काय? ‘मला माहीत होऊ दे’? छे. एकच शब्द, कळव. किंवा, कळवा. जर्मनमध्ये त्याला ‘बेशाइड’ आहे. झाग मिअर बेशाइड, कळव मला. झागेन झी मिअर बेशाइड, मला कळवा. शब्दाला शब्द लावून ‘लास मिश विसेन’ करता येतं, व्याकरणाने ते बरोबरही आहे, पण रोजच्या बोलण्यात बेशाइड जास्त ऐकू येईल. ज्याला कळव आणि कळवामधला फरक कळतो त्याला झाग आणि झागेन झीमधला फरक शिकवावा लागत नाही.

‘ही नोज फार्मिंग.’ त्याला शेतीतलं कळतं. पुन्हा कळणं, पण वेगळं; त्यातला जाणकार आहे, त्याला विचारा. जर्मन: एर केन्ट झिश मिट लान्डविर्टशाफ्ट आउस. ‘आउसकेनेन’ म्हणजे आतून-बाहेरून ओळख असणं.

‘आय न्यू हिम बाय हिज व्हॉइस.’ आवाजावरून ओळखलं. मराठीत ओळखणे दोन कामं करतं: आधीपासून ओळख असणं आणि त्या क्षणी ओळख पटणं. जर्मनमध्ये दुसऱ्याला ‘एरकेनेन’. इथे जर्मन आपल्यापेक्षा बारीक कापते, मान्य करू. आणि ओळख होणे म्हणजे ‘केनेनलेर्नेन’, शब्दशः ओळखायला शिकणं. आमची ओळख पुण्यात झाली: विअर हाबेन उन्स इन पुने केनेनगेलेर्न्ट. लांबलचक शब्द आहे, पण घाबरू नका, लोकल ट्रेनसारखा डब्यांनी जोडलेला असतो.

एक फरक मात्र मुळातला आहे. आपण म्हणतो ‘मला माहीत आहे’, ‘मला येतं’, ‘मला कळलं’. अहिराणीत ‘माले माहीत शे’. यात ‘मी’ कर्ता नाहीच. ज्ञान माझ्याकडे येतं, मी नुसता ‘ला’ लावून उभा. जर्मनमध्ये ‘इश’, मी, खुर्चीत बसलेला आहे: इश वाइस, इश कान. पण जर्मनला हा आपला ‘मला’ अगदीच परका नाही. डास इस्ट मिअर बेकान्ट: ते मला माहीत आहे. मिअर म्हणजे मला. डास गेफेल्ट मिअर: ते मला आवडतं. मिअर इस्ट काल्ट: मला थंडी वाजतेय. इंग्रजीतून शिकणारा यातल्या प्रत्येक वाक्यापाशी अडखळतो, कारण त्याच्या डोक्यात ‘आय लाइक इट’ चालू असतं. तुम्ही ‘आवडतं’ डोक्यात ठेवा, वाक्य सरळ पडेल.

हे असं का जुळतं? यात जादू काही नाही, पण गोष्ट मोठी आहे. १८१६ साली फ्रान्झ बॉप नावाच्या जर्मन अभ्यासकाने एक पुस्तक छापलं, संस्कृतची क्रियापदं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन गटातल्या भाषांच्या शेजारी ठेवून. क्रियापदं चालवण्याची पद्धत कुठे कुठे जुळते, तेवढंच तपासणारं. तुलनात्मक भाषाशास्त्राची सुरुवात तिथून मोजतात. आणि जाणण्याची क्रियापदं हे त्यातलं नमुनेदार प्रकरण आहे.

दोन मुळं आहेत. एक ज्ञा, ज्यातून ज्ञान आणि आपलं जाणणे. त्याच घराण्यातले जर्मनचे केनेन आणि क्योनेन, आणि इंग्रजीचे नो आणि कॅन. ‘नो’मधला तो मुका के आठवतोय? तो पूर्वी बोलला जायचा. केनेनचा क, ‘नो’चा मुका के आणि ‘ज्ञ’मधला ज हे एकाच जुन्या आवाजाचे वारस आहेत. दुसरं मूळ विद्. त्यातून वेद, विद्या, विद्वान. त्याच घराण्यातलं जर्मनचं विसेन. त्या मुळाचा सगळ्यात जुना अर्थ बघणे, असं भाषाशास्त्र सांगतं. मी पाहिलंय, म्हणून मला माहितीये. संस्कृतमध्ये ‘वेद’ हे ‘मला माहीत आहे’ अशा अर्थाचं क्रियारूपसुद्धा आहे, आणि जर्मनचं ‘वाइस’ त्याच ठेवणीचं आहे. म्हणूनच ते बाकीच्या क्रियापदांसारखं चालत नाही: एर माख्ट, एर गेट, पण एर वाइस, शेवटी ट नाही. पाठ करताना ते विचित्र वाटतं, कारण ते फार जुनं आहे.

इंग्रजीकडेही दुसरं क्रियापद होतं, विट. ते रोजच्या वापरातून गेलं. मागे राहिला ‘विट’ म्हणजे हजरजबाबीपणा, आणि ‘विटनेस’, साक्षीदार. ‘कॅन’चा जुना अर्थही जाणणे असाच होता, तो नुसत्या ‘शकणे’वर आला. सगळा भार एकट्या ‘नो’वर पडला. इंग्रजीला त्याचं काही अडत नाही, संदर्भावर तिचं भागतं. अडतं ते तिच्यातून पलीकडे जाणाऱ्याचं.

आता ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी. समजा तुम्ही नर्स आहात, वॉर्डमध्ये नवीन आहात, सीनियर बाईंनी एक इन्फ्युजन पंप दाखवून विचारलं, हे लावाल का? तुमच्यासमोर तीन वाक्यं आहेत.

इश वाइस एस निश्ट. मला माहीत नाही. प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसल्यासारखं, इथे लागू पडत नाही.

डास कान इश निश्ट. मला येत नाही. खरं असेल तर जरूर म्हणा. पण याचा अर्थ हे कामच येत नाही असा होतो, आणि तुम्ही जळगावच्या दवाखान्यात पाच वर्षं असले पंप लावले असतील तर तुम्ही स्वतःवर अन्याय करताय.

इश केने दीझेस गेरेट निश्ट. हे मशीन माझ्या ओळखीचं नाही. म्हणजे काम येतं, ही कंपनी, हे मॉडेल नवीन आहे. पुढे जोडा: क्योनेन झी एस मिअर त्साइगेन? दाखवाल का मला?

तिसऱ्या वाक्याने तुम्ही शिकलेल्या माणसासारख्या दिसता, आणि पेशंटही सुरक्षित राहतो. इंग्रजीतून विचार केला तर तिन्ही ‘आय डोन्ट नो’ आहेत. मराठीतून केला तर तिन्ही वेगळी आहेत, आणि वेगळी आहेत हे तुम्हाला कोणी शिकवलेलं नाही.

अजून एक. समोरचा काही समजावून सांगत असताना मधेच ‘इश वाइस’ म्हणू नका. कानाला ‘माहितीये मला’सारखं लागतं, त्या फटकारणाऱ्या सुरात. आपल्याकडे सासूला ‘माहितीये मला’ म्हणून बघा, तेच होईल. ‘या, डास केने इश’ जरा मऊ आहे: हो, हे ओळखीचं आहे. आणि येत नसेल तर ‘डास कान इश नोख निश्ट’. नोख म्हणजे अजून. अजून येत नाही. आपल्या मुलांना ‘येत नाही’ म्हणायला कमीपणा वाटतो, म्हणून हो हो करत मान हलवतात. वॉर्डमध्ये किंवा विजेच्या पॅनेलसमोर ती मान धोक्याची आहे. एकटा ‘नोख’ शब्द ते सोपं करतो.

आणि कागदपत्रांतही हीच क्रियापदं भेटतात, म्हणून ती चेहऱ्याने ओळखून ठेवा. बायोडेटात ‘डॉइचकेन्टनिसे’ असा रकाना असतो: जर्मन किती येतं. भारतातल्या नर्सिंगच्या पदवीला जर्मनीत मान्यता घ्यावी लागते, तिला ‘आनएरकेनुंग’ म्हणतात. पोटात बघा, केनेन बसलंय. ती मान्यता मिळेपर्यंत पूर्ण नर्स म्हणून नाही, मदतनीस म्हणून काम करावं लागतं, पगारही त्या हिशेबाने. अभ्यासक्रमात फरक निघाला तर एक मार्ग म्हणजे ‘केन्टनिसप्र्युफुंग’, ज्ञानाची परीक्षा. नावात केनेन आहे, पण तिला तोंडी भागाबरोबर प्रत्यक्ष काम करून दाखवायचा भागही असतो. म्हणजे नाव केनेनचं, तपासतात क्योनेन. पायऱ्या पाठ करून जाणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. भाषेचं म्हणाल तर नर्सना या मान्यतेसाठी साधारण बी-२ पातळी मागतात, आणि गोएथेच्या बी-१ परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं या चार भागांत प्रत्येकी १०० पैकी ६० लागतात. बोलण्याच्या भागात परीक्षक तुमच्या तोंडून ‘इश वाइस डॉइच’ ऐकणार की ‘इश कान डॉइच’, ते आता तुमच्या हातात.

सवय लावायची पद्धत सांगतो. शब्दकार्डं बनवताना एका बाजूला ‘नो’ लिहू नका. मराठी वाक्य लिहा. ‘त्याला ओळखतो.’ ‘कुठे राहतो ते माहितीये.’ ‘वेल्डिंग येतं.’ ‘काल कळलं.’ ‘पोचलास की कळव.’ मागे जर्मन. इंग्रजीचा एक शब्द नाही. ‘टेक’, ‘पुट’, ‘लीव्ह’ या बाकीच्या खोडकर क्रियापदांनाही हेच करा. ‘इट टेक्स अॅन अवर’ला ‘टेक’चं जर्मन शोधत बसाल तर ‘नेमेन’वर जाऊन आपटाल, ‘एक तास लागतो’ लिहा आणि ‘दाउअर्ट’ शिका.

गृहपाठ देतो, पाच वाक्यं. तुझी बहीण माझ्या ओळखीची आहे. तिला शिवणकाम येतं. ती कुठे काम करते ते मला माहीत नाही. तिचं लग्न ठरलं ते मला आजच कळलं. तारीख ठरली की कळवा. तिसऱ्या वाक्यात शेपूट आहे, चौथ्यात घटना आहे, पाचव्यात ‘कळव’ नाही ‘कळवा’ आहे, एवढाच इशारा. उत्तरं खाली लिहा, देवनागरीत लिहिलीत तरी चालतील. कुठे अडलात तर तेही लिहा. बेशाइड द्या म्हणजे झालं.